दिवाळ्याच्या खाडीतली सूर्यचूल

इस्लामपूर ते पनवेल

ऊन फुकट असतं, असं मी शाळेत मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले. पण ते एसटीत चढवलं की त्याचं लगेज तिकीट काढावं लागतं, हे मला त्या फाल्गुनात कळलं. माझी सूर्यचूल म्हणजे एक चौकोनी पेटी. आत काळा रंग दिलेला पत्रा, वर दुहेरी काच आणि झाकणाला आतून आरसा. कंडक्टरने ती वरखाली पाहिली आणि विचारलं, "बाई, भजनाचा कार्यक्रम कुठं हाय?"

"भजनाची पेटी नाही. ही उन्हात ठेवली की तिच्यात भात शिजतो."

"आन् ढग आलं तर?"

"तर उपास करायचा."

सगळी गाडी हसली. कंडक्टर मात्र तिकीट फाडूनच थांबला. आरशाची बातमी पसरल्यावर तर माझ्या पेटीला फार मान मिळाला. पुण्यापर्यंत निम्म्या पुरुषांनी तिच्यात पाहून भांग पाडला, आणि खंडाळ्याच्या घाटात एका नवऱ्या मुलीने मुंडावळ्या सारख्या केल्या. विज्ञानाचा असा प्रसार मला कुठल्याच प्रदर्शनात जमला नव्हता.

जायचं होतं बेलापूरला, धाकट्या भावाकडे. शशी तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि नव्या मुंबईत त्याला दोन वर्षांपूर्वी फ्लॅट मिळालेला. भावजय नीला रत्नागिरीची. तिच्याकडे मासळी घालणारी हिराबाई नावाची कोळीण बेलापूर खाडीवरच्या दिवाळे गावातली. आमच्या वन्सं उन्हावर स्वयंपाक करतात, असं नीला तिला एकदा सहज बोलून गेली. त्यावर हिराबाईने हुकूमच सोडला, "त्यांना शिमग्याला घेऊन या. पेटी पन आना."

आता मी पडले माळकऱ्याची बायको. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात हद्दपार होतो. आणि मी निघाले होते कोळीवाड्यात स्वयंपाक शिकवायला! यजमान एवढंच म्हणाले, "जा. शिकवणं हा तुझा धर्म आहे. फक्त पेटी तेवढी सांभाळ."

बेलापूर

शशीने पनवेलला उतरवून घेतलं. बेलापूर पाहून पहिल्यांदा मला हसूच आलं. गाव अजून यायचं होतं, त्याच्या पाट्या आधी आल्या होत्या. इथे बाजार होणार, इथे बाग होणार, इथे स्टेशन होणार. आमच्या इस्लामपुरात उलटं आहे. गोष्टी असतात, पाट्या पडून गेलेल्या असतात. मोकळी माती, नव्या चुन्याचा वास, वारा असा की वाळत घातलेला टॉवेल शेजारच्या सेक्टरात सापडावा. आणि ऊन! एकही झाड आडवं येत नाही असं सरळ, सढळ ऊन. मी पेटी उतरवण्याआधीच मनात डाळ टाकून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई दारात आली. नऊवारी कोळी पद्धतीने घट्ट नेसलेली, अंबाड्यात अबोलीची वेणी, डोक्यावर पाटी. पाटी खाली ठेवून ती हक्काने चहाला बसली. पाटीत चांगली बोय होती, कोळंबी होती, पण नीलाने काही घेतलं नाही. दोघींनाही त्यात नवल वाटलं नाही, आणि तेच मला विचित्र वाटलं.

हिराबाईच सांगायला लागली. "गेल्या वर्सापत्तूर ह्या बिल्डिंगीत सगले माझंच मावरं खायाचे, बाय. मंग खाडीत त्याल सांडलं." कुठल्याशा मालवाहू तराफ्याची टाकी फुटून काळं तेल भरतीबरोबर खाडीत शिरलं होतं. जाळी काळी झाली, तिवरांची मुळं काळी झाली, आणि बरेच दिवस जाळ्यात मेलेलंच काय ते आलं. "पावसानं खाडी धुतली. मासली परत आली. पन गिऱ्हाईक नाय आलं."

"अहो, वास येतो वन्सं," नीला ओशाळून म्हणाली. "खरंच येतो. रॉकेलसारखा."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. हिराबाई मात्र मान डोलावत म्हणाली, "येतो ना! मी कुटं नाय म्हनते? पन त्यो खाडीचा नाय, आमचा हाय. होडीत मशीन, मशीनला डिझेल. घरात इष्टो, इष्टोला घासलेट. जालं त्याच खोलीत, पाटी त्याच खोलीत. खाडी कवाच साफ झाली, बाय. वास आता आमच्याच घरात ऱ्हातो."

म्हणून गेल्याच महिन्यात तिने दोन गोष्टी केल्या होत्या. नवऱ्याला होडीचं मशीन काढायला लावून पुन्हा शीड चढवायला लावलं, आणि घरातला स्टोव्ह माळ्यावर टाकला. "ज्यानं आमची खाडी मारली, त्याला मी चुलीत घालीन का?" पण मग स्वयंपाक कशावर? तिवरं तोडायची तर त्यांच्या मुळांतच मासळीची पिल्लं वाढतात. विकतच्या लाकडावर कसंबसं चाललं होतं, पण त्याचा धूर. सासू रोज तोंड सोडत होती. अखेर सासू-सुनेत ठरलं होतं ते असं: धुळवडीला सगळी आळी हिराबाईकडे जेवते. ते जेवण घासलेटाशिवाय झालं आणि त्याला वास आला नाही, तर आळीतल्या बायका पेट्या घेतील. नाही झालं, तर स्टोव्ह खाली आणि मशीन परत होडीवर.

"आता तुमीच बगा," हिराबाई उठत म्हणाली. "माझी इज्जत तुमच्या पेटीत हाय."

माझ्या पेटीत आजवर फार तर मुगाची खिचडी असायची.

दिवाळे

एका पेटीत आळी जेवत नाही. शशीने कारखान्यातली पॅकिंगची लाकडी खोकी रीतसर विचारून आणली. सोसायटीतल्या सुताराने ती सांधली, भाताचं तूस भरून दुहेरी केली, आणि काचा-आरसे बसवले. आमच्या इस्लामपुरात अशा कामाला चार माणसं सल्ला द्यायला उभी राहतात. इथे कोणी कोणाला ओळखत नाही म्हणे, पण गच्चीवर ठोकाठोकी सुरू झाली तसे चारही मजले वर आले. एका घाटावरच्या बाईंनी पापड वाळत घालायला आणले आणि पेटीत ठेवून करपवून दाखवले. त्या दिवसापासून कोणी पेटीवर शंका घेतली नाही.

पेट्या हातगाडीवर घालून आम्ही दिवाळ्याला गेलो. गाव अगदी खाडीला चिकटून. काठ्यांच्या मांडवावर बोंबील जोडीजोडीने जबडे अडकवून वाळत होते. मी नाकाला पदर लावणार नाही असं घरून ठरवून आले होते. लावला नाही, पण त्या सकाळी श्वासही जरा बेतानेच घेतला.

सासूचं नाव मथुराबाय. ओट्यावर बसून ती जाळं चाचपत होती. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. मला वाटलं होतं, ही खाष्ट निघणार. तिने माझा हात हातात घेतला, बांगड्या मोजल्यासारख्या चाचपल्या आणि म्हणाली, "हिचं आयकून तू एवड्या लांबून आलीस, बाय? माज्यावर रागावू नको. माजे डोले धुरानं खाल्ले. तिवराची लाकडं फुकत जल्म गेला. मंग इष्टो आला तवा मी त्याची वटी भरली होती. त्यो आता माल्यावर! उद्या ऊन नाय आलं, तर सून फुकतच बसंल. तिचे पन डोले जातील."

तिचा स्टोव्हवरचा जीव म्हणजे सुनेवरचाच जीव होता. आणि ह्या म्हातारीला खोटा दिलासा द्यायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "पावसात ही पेटी चालत नाही, आजी. ते खरं सांगते."

"पावसात होड्या पन वर काडतो आमी," ती म्हणाली. "बगू उद्या."

संध्याकाळी होळी लागली. कोळ्यांची होळी म्हणजे एक उंच, सजवलेलं झाड. बायका ओळीने हात धरून तिच्याभोवती फिरल्या, नारळ टाकले गेले, आणि मलाही कोणीतरी ओळीत ओढलं. शाळेत कवायत घेणारी मी, पाय चुकत चुकत नाचले. आमच्याकडे बोंब मारायची ती पुरुषांनी. इथे बायकांनी अशी मारली की मला कितीतरी जुने हिशेब चुकते केल्यासारखं वाटलं.

धुळवडीचा दिवस

सकाळी जागा मी निवडली. तिथेच घोटाळा झाला. घरांपुढे सावली येत होती, म्हणून मी खाडीच्या काठची मोकळी, टणक, सपाट जागा हेरली. दिवसभर ऊन, एक मांडव नाही, एक होडी नाही. एवढी सुरेख जागा रिकामी का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. हिराबाई मासळी साफ करत होती. तिने दुरून पाहिलं, आणि तिला वाटलं की मी तासाभरात पेट्या हलवणार. पुनवेच्या सुमाराचं उधाण दुपारी कुठवर येतं हे दिवाळ्यात कोणी कोणाला सांगत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे आपण तरी पाहुण्याला कुठे सांगतो?

पहाटे शीड लावून गेलेला हिराबाईचा नवरा धाकू एक मोठा जिताडा आणि टोपलीभर बोय घेऊन आला होता. माझ्या पेटीत मी स्वतःसाठी आणि दोन-चार शाकाहाऱ्यांसाठी वरण लावलं. बाकीच्यांत भात आणि कालवणं. जिताड्याचं पातेलं हिराबाईने सगळ्यात मोठ्या पेटीत स्वतः ठेवलं. आरसे उन्हाला लावले, काचा आतून वाफेने धुरकटल्या, आणि आम्ही रंग खेळायला गेलो. नीलासुद्धा आली होती. जेवायला नाही, फक्त बघायला, असं तिने दोनदा सांगितलं होतं.

ढोलकीच्या तालात माझा एक पाय बरोबर पडू लागला होता, तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं, "पेट्या! अगो, पेट्या!"

सपाट, टणक जागा नाहीशी झाली होती. तिथे पाणी चकाकत होतं आणि माझ्या विद्येच्या पेट्या त्यात घोट्याएवढ्या बुडून उभ्या होत्या. फक्त माझी स्वतःची, पत्र्याची, हलकी पेटी उभी नव्हती. ती निघाली होती! उघड्या झाकणाला वारा लागला, झाकणाचं शीड झालं, आणि आरसा लकाकवत ती वरणासकट खाडीत चालली होती. मग जो हशा उठला तो पलीकडच्या काठालाही ऐकू गेला असेल.

"मास्तरीणबाईंची होडी सुटली!" धाकू ओरडला आणि उडी मारून तिच्या मागे गेला.

बायका धावल्या. पदर हाताला गुंडाळून, गरम पेट्या उचलून त्यांनी जवळच्या होडीत चढवल्या. होडी कालच पताका, झेंडूच्या माळा लावून सजवलेली. धाकूने माझी पेटीही ओढत आणली. वरण जागेवर होतं, वर शिजूनही झालं होतं. पण मोठ्या पेटीच्या तापलेल्या काचेवर गार पाणी उडालं आणि ती तडकन फुटली. तिच्यात जिताडा होता. अर्धा कच्चा.

हिराबाईचा चेहरा उतरला. तिने आधी ओट्याकडे पाहिलं. सासू तिथे बसली होती. मग तिने माळ्याकडे पाहिलं. तिथे काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी माझ्या पेटीतलं वरण बाहेर काढलं.

"बाय, नको," ती म्हणाली. "तुमचं घर मालकरी."

"घर माळकरी आहे. ऊन माळकरी नाही. ठेव पातेलं."

हे वाक्य मी फार धीराने म्हटलं असं पुढे नीला सगळ्यांना सांगत राहिली. खरं सांगायचं तर मला यजमानांची आठवण येत होती. पण हिराबाईने पातेलं ठेवलं, काच लावली, आणि मला एकदम हलकं वाटलं.

आता नवीनच तिढा उभा राहिला. होडी पाण्यावर तरंगते, आणि प्रवाहाबरोबर वळते. आरसा सूर्यावर लावावा, तर होडी हळूच पाठ फिरवी. मग धाकू होडीच्या टोकावर बांबू घेऊन उभा राहिला. मी सावली बघून हाताने दिशा दाखवायची आणि त्याने बांबू रेटून होडी तिकडे वळवायची. आजवर त्याने वारा पाहून होडी वळवली होती, पाणी पाहून वळवली होती. सूर्य पाहून पहिल्यांदाच. काठावरून आळी ओरडत होती, "डावीकडं! आरं, सूर्व्या तिकडं हाय!" रंगाने माखलेला धाकू, झेंडूच्या माळा, ओळीने लावलेले आरसे आणि त्यांच्यातून सबंध गावाच्या भिंतींवर नाचणारे कवडसे. मी त्या होडीत बसून इतकी हसले की माझी बोटं दिशा चुकवू लागली.

पाणी उतरायला लागलं तसं पातेलं खाली उतरवलं आणि सरळ मथुराबायपुढे नेलं. तिने झाकण काढायला लावलं, चेहरा वाफेवर धरला, आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. हिराबाईने पदराचं टोक दातांत धरलं होतं.

"जिताड्याचा वास येतो," म्हातारी म्हणाली. मग पुन्हा हुंगून म्हणाली, "नुसता जिताड्याचा. किती दिसांनी गो!"

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते धुराचं नव्हतं. मी पण रडले, लाज कशाची? नीलाने तेवढ्यात कोणाला न विचारता बोटभर कालवण चाटलं होतं आणि दुसरं बोट बुडवत होती.

"पन भाकरी?" म्हातारी एकदम करड्या आवाजात म्हणाली. "कालवन काय नुसतं प्यायचं? पेटीत भाकरी भाजंल का तुजी?"

नव्हती भाजत. हे मी विसरलेच होते. तांदळाच्या भाकरीशिवाय त्या घरात जेवण होत नाही. हिराबाई काही बोलणार, तोवर मथुराबाय काठी टेकत उठली. "होलीचा इस्तव अजून राखंखाली हाय. त्यो देवीचा. त्याला कोनी नाय म्हनायचं नाय. घमेलं आना." कालची होळी तर जळणारच होती. तिच्या निखाऱ्यांवर म्हातारीने तवा टाकायला लावला, आणि डोळ्यांनी न दिसता, हाताच्या पंज्यावर ती भाकऱ्या थापत गेली. मला पहिली दिली, वरणाबरोबर. अशी मऊ, पांढरीशुभ्र भाकरी आमच्या ज्वारीच्या मुलखात होत नाही, हे कबूल केलं पाहिजे.

सगळे जेवले. उठताना आळीतल्या बायकांनी सुताराचं घर कुठे ते नीलाला विचारून घेतलं. स्टोव्ह पावसाळ्यापुरता माळ्यावरून उतरेल, असं सासू-सुनेत ठरलं. नीलाने मात्र सगळ्यांसमोर हिराबाईला बजावलं, "उद्यापासून आधी माझ्या दारात यायचं. वरच्या मजल्यावर नंतर."

मोरा

परत निघाले तेव्हा हिराबाई मला एसटीने जाऊ देईना. धाकूने शिडाच्या होडीतून उरणजवळच्या मोऱ्यापर्यंत सोडायचं ठरवलं. तिथून मुंबईची लाँच मिळते, आणि मुंबईहून इस्लामपूरची गाडी. ओहोटीबरोबर निघालो. शिडाने वारा धरला की सगळे आवाज बंद होतात आणि फक्त पाणी बोलतं. दोन्ही काठांवर तिवरांची नवी, कोवळी पानं. एक मशीनची होडी भकभक करत आमच्या पुढे गेली, तसा धाकू हसला. "जाऊ दे त्याला. तो मासलीला सांगत जातो, मी येतोय म्हनून."

थोड्या वेळाने वारा पडला. होडी जागच्या जागी. हिराबाईने पुरचुंडी सोडली. भाकरी आणि सुक्या खोबऱ्याची चटणी, खास माझ्यासाठी बिनमासळीची. धाकू वल्ही मारत राहिला आणि आमच्या डोळ्यांदेखत लाँच सुटून गेली. मोऱ्याच्या धक्क्यावर कोळणींच्या पाट्यांमध्ये बसून आम्ही पुढच्या लाँचची वाट पाहिली. ती डिझेलचीच होती. चढताना मी तसं बोलून दाखवलं, तर हिराबाई म्हणाली, "येक येक घर साफ करू, बाय. तुमी पुढच्या शिमग्याला या."

इस्लामपूर

घरी आल्यावर यजमानांनी हौसेने पेटी अंगणात मांडली. सकाळचं ऊन चांगलं होतं. मी तांदूळ धूत होते. त्यांनी झाकण उघडलं आणि थबकले. मी ती पेटी चिंचेने घासली होती, राखेने घासली होती, दोन दिवस उघडी ठेवली होती. तरी सांदीत वास राहिलाच होता.

ते गळ्यातली माळ धरून उभे होते. मी हातातले तांदूळ खाली ठेवले आणि सगळं सांगितलं. उधाण, फुटलेली काच, म्हातारीचं नाक, सगळं. मग त्यांनी पुन्हा वाकून पेटी हुंगली.

"रॉकेलचा नाही ना?"

"नाही. नुसत्या मासळीचा."

त्यांनी झाकणाचा आरसा सूर्याकडे वळवला, डोळ्यांवर हात धरून तिरीप बरोबर लागली का ते पाहिलं, आणि म्हणाले, "मग ठेव तांदूळ."